यंत्रांच्या संभाषणांतील ‘थांबा’ आणि ‘चालूं द्या’

वर्गांत शुद्धलेखन सांगतांना शिक्षक एक वाक्य उच्चारतात आणि क्षणभर थांबतात. मागच्या बांकावरील मुलाची लेखणी अजून चालत असली, तर तेंच वाक्य ते पुन्हां म्हणतात. सांगण्याचा वेग येथें सांगणाऱ्याच्या जिभेवर नसून लिहिणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तींत कांहीं शास्त्र असेल असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राशीं बोलावयाचें ठरविलें, म्हणजे हेंच साधें काम मोठें विचाराचें होऊन बसतें. यंत्रास समोरच्याचा चेहरा दिसत नाहीं. ऐकणारा मागें पडला आहे हें त्यास कोणीतरी कळवावें लागतें, आणि कळविलेलें त्यानें मानावें अशी तजवीज आधींच करून ठेवावी लागते. या तजविजीस प्रवाह-नियंत्रण असें म्हणतात. ब्लूटूथच्या सिरियल जोडणीवर प्रोग्राम लिहूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थिवाचकांस तिचें मर्म समजावून द्यावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विषय यंत्राचा असला, तरी त्याचें महत्त्व पटण्यास नाशिककरांनीं दूर जाण्याचें कारण नाहीं. ता. २७ ऑगस्ट २००३ रोजीं सिंहस्थांतील शाही स्नानाच्या दिवशीं रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली व ३९ भाविक मृत्यु पावले. गर्दींत मागून येणाऱ्यास पुढें किती जागा उरली आहे हें दिसत नाहीं, आणि पुढें अडकलेल्याचा ‘थांबा’ हा शब्द मागच्यांपर्यंत पोंचत नाहीं. पुढें २०१५ च्या सिंहस्थाच्या पूर्वीं, मूळचे नाशिकचे व अमेरिकेंतील एम. आय. टी. च्या मीडिया लॅबमधील प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकारानें ‘कुंभथॉन’ नांवाचा उपक्रम येथें सुरू झाला. त्या उपक्रमांत निलय कुलकर्णी या शाळकरी मुलानें पावलांचा दाब ओळखून माणसें मोजणारी एक चटई तयार करण्याच्या कामीं पुढाकार घेतला. तिचें नांव ‘आशिओतो’. जपानी भाषेंत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज असा आहे. २०१५ च्या मेळ्यांत या साधनानें १८ तासांत सुमारें ५ लाख माणसें मोजलीं, असें त्यानें पुढें आपल्या व्याख्यानांत सांगितलें. कोणत्या वाटेवर किती माणसें आलीं हें वेळींच कळलें, तरच मागच्यांस थोपवितां येतें. अर्थात् मोजणारें यंत्र आणि मोज ऐकणारें यंत्र यांच्यामध्यें एकही आंकडा गळून चालणार नाहीं, हें ओघानेंच आलें.

आतां आपण शाळेच्या प्रयोगशाळेंत करतां येईल अशी एक लहानशी चटई कल्पनेनें मांडूं. चटईखालीं दाब ओळखणाऱ्या चकत्या आहेत. त्यांच्या तारा आर्डुइनो ऊनो या छोट्या नियंत्रक पट्टीस जोडल्या आहेत. त्या पट्टीस एच. सी. ०५ नांवाचें ब्लूटूथ मोड्यूल दोन तारांनीं जोडलें आहे. आणि थोड्या अंतरावर शिक्षकांच्या हातीं एक अँड्रॉईड फोन आहे. पाऊल पडलें कीं त्याची वर्दी प्रथम नियंत्रकांत, तेथून तारेवरून मोड्यूलमध्यें, तेथून हवेंतून फोनच्या ब्लूटूथमध्यें, आणि शेवटीं फोनवरील प्रोग्रामांत जाते. या प्रत्येक मुक्कामीं आलेलीं अक्षरें क्षणभर ठेवण्यास एक लहान साठवण असते. तिला बफर म्हणतात. बफर हा पाण्याच्या रांजणासारखा समजावा. वरून पडणारी धार आणि खालून उपसा सारखा असला, तर रांजण कितीही लहान असला तरी चालतो. धार मोठी व उपसा कमी झाला, कीं मोठा रांजणही भरतो. फरक इतकाच कीं, तो थोडा उशिरां भरतो. म्हणून बफर मोठा केल्यानें प्रश्न सुटतो, असा समज कोणीं करून घेऊं नये. बफरानें मिळतो तो केवळ अवधि; आणि त्या अवधींत मागें ‘थांबा’ असा निरोप गेला पाहिजे.

हा निरोप पाठविण्याच्या युक्त्या ब्लूटूथच्या पुष्कळ आधींच्या आहेत. १९६० सालीं अमेरिकेंत आर. एस. २३२ हें सिरियल जोडणीचें प्रमाण ठरलें. सिरियल म्हणजे एकामागून एक. एकाच तारेवरून अक्षराचे अंश रांगेनें पाठविण्याची ही पद्धति आहे. या जोडणींत बोलण्याच्या तारांखेरीज निरोपाच्या निराळ्या तारा ठेवण्याची सोय आहे. ऐकणाऱ्यानें आपल्या तारेवरील खूण काढून घेतली, कीं बोलणाऱ्यानें थांबावयाचें. खूण पुन्हां दिसली, कीं पुढें चालावयाचें. दुसरी युक्ति निराळ्या तारेवांचून भागविते. १९६३ च्या सुमारास टेलिटाईप यंत्रांवर कागदी फितीचा वाचक चालू करण्यास १७ क्रमांकाचें व बंद करण्यास १९ क्रमांकाचें अक्षर वापरूं लागले. तींच दोन अक्षरें पुढें ‘चालूं द्या’ आणि ‘थांबा’ या अर्थानें सर्वत्र रूढ झालीं.

ही दुसरी युक्ति स्वस्त खरी, पण तींत एक खोंच आहे, आणि ती आपल्या चटईवर चांगली उघड होते. समजा, दर सेकंदास आलेल्या माणसांची संख्या चटई एका बाईटमध्यें जशीच्या तशी भरून पाठविते. १८ माणसें आलीं, तर फोनला १८ मिळतात. परंतु १९ माणसें आलीं, म्हणजे तोच बाईट ‘थांबा’ या आज्ञेसारखा दिसतो! ही युक्ति मानणारी जोडणी तो आंकडा प्रोग्रामपर्यंत पोंचूंच देत नाहीं. वर फोनकडून चटईकडे जाणारें बोलणेंही बंद पाडते. उपाय सोपा आहे. आंकडा जसाच्या तसा न पाठवितां लिहून पाठवावा. म्हणजे ‘१’ आणि ‘९’ हीं दोन अक्षरें पाठवावीं. त्यांचे संकेतांक ४९ आणि ५७ असल्यानें गोंधळ होत नाहीं. निरोप आणि मजकूर एकाच वाटेनें जाऊं लागले, कीं दोहोंची ओळख निराळी राखावी लागते, हा धडा येथें शिकण्यासारखा आहे.

आतां ब्लूटूथकडे वळूं. एरिक्सन या स्वीडिश कंपनींत १९९४ सालीं या बिनतारी पद्धतीचें काम सुरू झालें, आणि १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, आय. बी. एम., इंटेल व तोशिबा या पांच कंपन्यांनीं मिळून तिच्यासाठीं मंडळ स्थापिलें. दहाव्या शतकांतील हॅराल्ड नांवाच्या डॅनिश राजाच्या उपनांवावरून तिचें नामकरण झालें. जुन्या सिरियल तारेची जागा हवेनें घ्यावी, हा तिचा एक प्रमुख हेतु होता. त्यासाठीं केलेल्या नियमावलीस आर. एफ. कॉम म्हणतात. तारेवर चालणारा जुना प्रोग्राम हिच्यावरही चालावा, म्हणून ती तारेचें सोंग हुबेहूब वठविते.

या नियमावलींत ‘थांबा’ म्हणण्याची जी रीति ब्लूटूथच्या १.१ या आवृत्तीपासून आली, ती फार समंजसपणाची आहे. तिला क्रेडिटची रीति म्हणतां येईल. रेल्वेच्या जुन्या व्यवस्थेंत पुढच्या स्टेशनाकडून ‘लाईन क्लिअर’ आल्यावांचून स्टेशनमास्तर गाडी पुढें सोडीत नसत. गाडी सुटल्यावर तिला थोपविण्याची धडपड करण्याऐवजीं, वाट मोकळी असल्याची खात्री आधींच घेत. क्रेडिटची रीति याच जातीची आहे. जोडणी होतांना ऐकणारा बोलणाऱ्यास कांहीं परवाने देतो. हे आरंभींचे परवाने ० पासून ७ पर्यंत असूं शकतात. एक परवाना म्हणजे अक्षरांचें एक पाकीट. प्रत्येक पाकिटागणिक बोलणाऱ्याच्या हातचा एक परवाना खर्ची पडतो, आणि शिल्लक शून्य झाली कीं त्यास थांबावेंच लागतें. ऐकणाऱ्यानें आपला रांजण उपसून जागा केली, म्हणजे तो आणखी परवाने धाडतो. एका खेपेस २५५ पर्यंत धाडतां येतात. ‘थांबा’ हा निरोप वाटेंत उशिरां पोंचला तर काय, ही भीति येथें राहत नाहीं. कारण गप्प राहणें हाच ‘थांबा’ आणि परवाना हाच ‘चालूं द्या’.

प्रोग्राम लिहिणाऱ्यास हे परवाने दिसत नाहींत. त्याच्यापुढें असतें तें सॉकेट. सॉकेट ही प्रोग्रामच्या भिंतीस ठेवलेली एक खिडकी आहे. तींतून अक्षरें आंत टाकावीं, कीं तीं पलीकडल्या खिडकींतून त्याच क्रमानें बाहेर पडतात. पलीकडचा प्रोग्राम वाचीत नसला, तर प्रथम तिकडचा रांजण भरतो, मग परवाने संपतात, मग अलीकडचा रांजण भरतो. आणि शेवटीं आपण लिहावयास सांगितलेलें काम परतच येत नाहीं. नवशिक्यास वाटतें कीं प्रोग्राम बिघडला. वस्तुतः तो बिघडलेला नसतो. ऐकणाऱ्याचा निरोप पावलोपावलीं मागें येत आपल्या दाराशीं पोंचलेला असतो. सॉकेट न थांबण्याच्या रीतीनें उघडलें असेल, तर तें ताटकळवीत नाहीं. दिलेल्या १०० बाईटांपैकीं ६० घेतले, एवढेंच सांगून परततें. उरलेले ४० जपून ठेवून पुढल्या वेळीं तेथूनच पुढें पाठविणें ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे. ते विसरले, तर गळती यंत्रानें केली नसून आपणच केली, असें समजावें.

येथें एक चमत्कारिक कोंडीही होऊं शकते. फोन एक लांबलचक मजकूर लिहीत आहे व तो संपेपर्यंत वाचीत नाहीं. चटईही तेंच करीत आहे. दोन्हीं बाजूंचे रांजण भरतात, दोन्हीं बाजू परवान्याची वाट पाहतात, आणि परवाना कोणीच देत नाहीं, कारण वाचणारा कोणीच उरलेला नाहीं. दोन गृहस्थ एकाच वेळीं बोलूं लागले व दोघांनींही ऐकण्याचें नाकारलें, म्हणजे जें होतें तेंच हें. म्हणून फोनच्या प्रोग्रामांत वाचण्याचें काम एका स्वतंत्र थ्रेडकडे सोंपवावें. थ्रेड म्हणजे प्रोग्रामांतील निराळा कामकरी. त्यानें आलेलें तत्काळ उचलून बाजूस ठेवावें. पडदा रंगविणें, बेरजा करणें हीं कामें दुसऱ्यानें करावीं.

इतकें सर्व नीट केलें, तरी आपल्या चटईचे आंकडे चुकूं शकतात. आणि विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी फसगत येथेंच होते. दोष हवेंतील जोडणीस दिला जातो. वास्तविक हवेंत बिघडलेलें पाकीट ब्लूटूथ पुन्हां पाठवितें, आणि परवान्यांमुळें पाकिटें ओसंडूनही जात नाहींत. गळती होते ती मोड्यूल आणि नियंत्रक यांमधील दोन बोटें लांबीच्या तारेवर! एच. सी. ०५ ची जी पट्टी बाजारांत नेहमीं मिळते, तिच्यावर निरोपाच्या तारांसाठीं टोंकेंच काढलेलीं नसतात. त्यामुळें हवेंतून आलेला ‘थांबा’ तारेपलीकडे जात नाहीं, आणि तारेपलीकडचा ‘थांबा’ हवेंत येत नाहीं.

हिशेब करून पाहूं. तारेचा वेग पुष्कळदां ९६०० बॉड ठेवलेला असतो. एका बाईटास आरंभ-शेवटाच्या खुणा धरून १० अंश लागतात. म्हणजे सेकंदास ९६० बाईट. आर्डुइनो ऊनोचा ऐकण्याचा बफर ६४ बाईटांचा. फोननें एखादी लांब सूचना पाठविली, आणि नियंत्रक चकत्या तपासण्यांत सेकंदाचा दहावा हिस्सा गुंतून राहिला, तर तेवढ्यांत ९६ बाईट येतात. तीसांहून अधिक बाईटांस जागा मिळत नाहीं व ते मुकाट्यानें टाकून दिले जातात. ना घंटा वाजत, ना दिवा लागत. उलट दिशेनेंही तोच प्रकार. फोनचा प्रोग्राम वाचावयाचा थांबला, परवाने संपले, मोड्यूलचा रांजण भरला. तरी नियंत्रक बापडा लिहीतच राहतो, कारण त्यास थांबण्यास सांगणारी तारच नाहीं. सांखळीचा एक दुवा नियंत्रित असल्यानें दुसरा नियंत्रित होत नाहीं. ज्या दुव्यावर ‘थांबा’ मागें जाण्याची सोय नाहीं, तेथें संपूर्ण सांखळी उघडी पडते.

पुष्कळ जण यावर अंदाजानें उपाय करतात. प्रत्येक ओळ पाठविल्यावर थोडा वेळ प्रोग्राम निजवून ठेवतात. डोळे मिटून शुद्धलेखन सांगणाऱ्या शिक्षकासारखेंच हें आहे. लिहिणारा चपळ असेल, तर वेळ फुकट जातो. मंद असेल, तर शब्द सुटतात. खरा उपाय म्हणजे तुटलेल्या दुव्यावर आपल्या प्रोग्रामांतच परवान्याची रीति बसविणें. फोननें पाठवावयाची प्रत्येक सूचना १६ बाईटांची करावी. नियंत्रकानें एक सूचना वाचून संपविली, कीं ‘पोंचली’ असें उत्तर तिच्या क्रमांकासह द्यावें. आणि उत्तर न आलेल्या सूचना कोणत्याही क्षणीं तीनांपेक्षां अधिक होऊं देऊं नयेत. तीन सूचनांचे ४८ बाईट होतात, आणि ६४ च्या रांजणांत ते केव्हांही मावतात. ठराविक वेळांत उत्तर न आलें, तर तीच सूचना त्याच क्रमांकानें पुन्हां पाठवावी. क्रमांक तोच असल्यानें ती दोनदां अमलांत येण्याचें भय राहत नाहीं. मोड्यूलवर निरोपाच्या तारा उपलब्ध असतील, तर त्या अवश्य जोडाव्या. परंतु मोज फार मोलाची असेल, तेथें क्रमांक व उत्तर हीं सोडूं नयेत.

उलट दिशेस मात्र आणखी एक अडचण आहे, आणि तीच आमच्या मतें या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. फोनला थांबवितां येतें. पावलांस थांबवितां येत नाहीं. एकेका पावलाची वर्दी १२ बाईटांची धरली, आणि एका पावलाच्या दाबाचीं चार मापें पाठवावयाचीं ठरविलीं, तर सेकंदाचे ९६० बाईट वीस पावलांतच संपतात. त्यापुढें नियंत्रक लिहिण्यासाठीं ताटकळूं लागतो, आणि ताटकळण्याच्या वेळांत पडलेलीं पावलें तो पाहतच नाहीं. म्हणजे वाट मोकळी असतां यंत्र अचूक मोजतें, आणि दाटी झाली कीं कमी मोजूं लागतें. जेव्हां संख्या कळण्याची खरी निकड, नेमकी तेव्हांच ती खोटी. आणि तीही धीर देणारी खोटी, कारण आंकडा लहान दिसतो. बंद पडलेलें यंत्र यापेक्षां बरें. तें निदान कोणाची फसवणूक तरी करीत नाहीं.

पाऊस थांबवितां येत नाहीं, हें गोदाकांठच्या लोकांस सांगावयास नको. पावसाळ्यांत गंगापूर धरणांतून पाणी सोडलें कीं दुतोंड्या मारुतीच्या कोठवर पाणी चढलें हें सर्व शहर पाहतें. धरण पाऊस थोपवीत नाहीं. पडलेला पाऊस सांठवून मोजून पुढें देतें. आपल्या चटईनेंही तसेंच करावें. मोजण्याचें काम आणि सांगण्याचें काम हीं एकमेकांवर अवलंबून ठेवूं नयेत. पावलें नियंत्रकानें आपल्याच ठिकाणीं मोजावीं, आणि दर सेकंदास ‘आतांपर्यंत एकूण इतकीं’ अशी एकच ओळ पाठवावी. लिहिण्यास जागा नसेल, तर न थांबतां ती खेप सोडून द्यावी. फोन दहा सेकंद बहिरा झाला तरी कांहीं बिघडत नाहीं. अकराव्या सेकंदाची ओळ मागील सर्व उणीव भरून काढते. प्रत्येक ओळीवर क्रमांक असल्यास मधल्या किती ओळी हुकल्या तेंही समजतें, आणि जुना आंकडा ताजा म्हणून दाखविण्याचा प्रमाद टळतो.

आमचें सांगणें वाचकांनीं केवळ विश्वासावर घेऊं नये. आर्डुइनो, मोड्यूल आणि फोन हीं शाळेच्या प्रयोगशाळेंत जमविण्याजोगीं साधनें आहेत. फोनकडून १ पासून १००० पर्यंतचे आंकडे एकामागून एक पाठवावे. नियंत्रकास मधूनमधून सेकंदाचा दहावा हिस्सा मुद्दाम निजवावें, आणि किती आंकडे पोंचले, कोणते गळले, तें वहींत टिपावें. नंतर ‘पोंचलें’ या उत्तराची रीति बसवून तोच प्रयोग पुन्हां करावा. वेळ किती वाढला आणि गळती किती राहिली, हें पहिल्या पानासमोर लिहावें. २०२६-२७ च्या सिंहस्थांत आपल्या शहरांतील वाटांवर पुन्हां लाखों पावलें पडावयाचीं आहेत, आणि त्यांची मोज ठेवणारीं साधनें कोणीतरी तयार करणारच. तें काम आपल्या शाळांतील कोणा विद्यार्थ्याच्या हातीं आलें, तर दोन यंत्रांमधील प्रत्येक दुव्यापाशीं थांबून त्यानें एकच प्रश्न विचारावा: येथें ऐकणाऱ्यास ‘थांबा’ म्हणतां येतें काय? उत्तर नकारार्थी असेल, तेथें प्रथम ती सोय करावी, आणि मगच आंकड्यावर भरंवसा ठेवावा.